फेक हाय, पोच नाय

स्टाफरूममध्ये गावंडबाईंची एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर त्यांची पर्स, त्यांची शिट्टी आणि कधीमधी एखादा पंक्चर झालेला व्हॉलीबॉल यांच्याखेरीज कुणी बसलेलं मी एकोणतीस वर्षांत पाहिलं नाही. बाई डबासुद्धा उभ्याने खायच्या. तेही एका जागी उभं राहून नाही. डबा हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या, आणि आम्ही बसलेली मंडळी मान वळवून वळवून त्यांच्याशी बोलायचो. मराठीच्या साठेबाईंना मानदुखी होती. तिचं खापर त्या उघडपणे गावंडबाईंवर फोडायच्या. "अहो, घटकाभर टेका की," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असे, "बसलं की काळजी सुरू होते. विचार करायचा तर उभ्यानं करावा."

पनवेलच्या आमच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या आणि मी भूगोल. म्हणजे त्या मुलांना मैदानात पळवायच्या आणि मी त्याच दमलेल्या मुलांना पुढच्या तासाला झोपवायचो. बुटक्या, काळ्यासावळ्या, पण हात मात्र अंगाच्या मानाने लांब. माहेर खाडीकाठचं. वडील मिठागरात राबायचे आणि उरलेल्या वेळात खाडीत पाग टाकायचे. पाग म्हणजे एकट्या माणसाने फेकायचं गोल जाळं. ते हवेत छत्रीसारखं उघडलं पाहिजे आणि पाण्यावर सपाट पडलं पाहिजे. बाई सात-आठ वर्षांच्या असल्यापासून वडिलांबरोबर चिखलात उभ्या राहून ते बघायच्या. "मासा जिथं दिसतो तिथं टाकला की पाग मोकला येतो," असं वडील सांगायचे, आणि बाई ते आम्हाला शाळेच्या गॅदरिंगपासून इन्स्पेक्शनपर्यंत कुठल्याही प्रसंगी ऐकवायच्या.

शाळेत त्यांचं मराठी एकदम छापील होतं. परिपाठाच्या सूचना ऐकाल तर आकाशवाणीवर बाई लागल्यात असं वाटावं. पण पारा चढला की माहेरची बोली बाहेर यायची, आणि ती आली की पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. "तुना काय सांगलाय मी? कान हायत का भोकां?" हे वाक्य मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत ऐकू जाई. एकदा तर ते मुख्याध्यापकांनाच उद्देशून होतं, अशी एक वदंता आहे. मी त्या दिवशी रजेवर होतो.

त्यांचा एक लाडका शब्द होता, पोच. ऑफिसात चिठ्ठी पाठवली की पाच मिनिटांत शिपायाला गाठून विचारायच्या, "पोच कुठाय?" नुसतं 'दिली' त्यांना चालत नसे. दिलं म्हणजे मिळालंच असं नाही, हे त्यांचं ठाम मत. एखादा माणूस कुठेही काहीही बोलून जाई, त्याच्याबद्दल म्हणायच्या, "त्याला पोच नाय." आणि मैदानावर कुणी लांब चेंडू टाकला आणि तो भलत्याच्या हातात गेला की ओरडायच्या, "फेक हाय, पोच नाय!" तिन्ही ठिकाणी शब्द एकच, आणि बाईंच्या मते अर्थही एकच होता.

आणखी एक खोड होती. कुठेही गेल्या की आधी वाकून चिमूटभर माती उचलायच्या, हात खांद्याइतका वर न्यायच्या आणि माती हळूहळू सोडायच्या. ती कुठल्या बाजूला जाते ते बघायच्या आणि मगच पुढे व्हायच्या. मैदानावर ठीक होतं, पण सहकाऱ्यांच्या लग्नातसुद्धा हॉलच्या दाराशी त्या हे करायच्या. वधूपक्षाकडची एक म्हातारी घाबरून म्हणाली होती, "अगं, ही बाई काही करणी तर करत नाही ना?" सगळ्यांना ती लकब वाटे. तिचं कारण फक्त मला ठाऊक होतं, कारण त्या कारणाच्या दुसऱ्या टोकाला मी टेप धरून उभा होतो.

ते सांगण्याआधी संदेशचं सांगायला हवं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं सकाळी तळ्याला फेऱ्या मारायचो. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या दोन फेऱ्या होईपर्यंत त्यांच्या पाच व्हायच्या. दर वेळी मला ओलांडताना त्या एक वाक्य बोलायच्या आणि पुढच्या वेळी ओलांडताना ते पूर्ण करायच्या. गेल्या पौषात एका सकाळी तिथे संदेश आला. आमचाच जुना विद्यार्थी. आता खारघरला त्याची जिम आहे आणि दंड माझ्या मांडीएवढे आहेत. त्याने फ्लॅग फुटबॉलचा क्लब काढला होता. खेळ अमेरिकन, पण धक्काबुक्की नसलेला. प्रत्येकाच्या कमरेला दोन फिती असतात, फीत ओढली की तो माणूस थांबला. चेंडू मोठ्या तोंडल्यासारखा, दोन्हीकडे टोकदार. आणि संघाचा सगळा भार एकावर, तो क्वार्टरबॅक. तो मागे उभा राहून पुढे पळणाऱ्या गड्यांना चेंडू टाकतो.

"बाई, एक पोरगा मिळालाय. आर्म म्हणजे बुलेट! टेनिस क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून थ्रो करायचा, डायरेक्ट स्टंप. वर्षभर शिकवलाय त्याला. पण साइन करायच्या आधी त्याचा डीप पास, लांबचा थ्रो, कुणीतरी नीट बघायला पाहिजे. तुमच्यासारखी नजर कुणाची नाही, बाई." संदेश त्यांच्या मागे धावत धावत बोलत होता.

यापूर्वी त्याने दोनदा विचारलं होतं, बाईंनी दोनदा नाही म्हटलं होतं. त्या दिवशीही त्या नाहीच म्हणणार होत्या. त्याने मोबाइल पुढे केला. त्यात तो पोरगा चेंडू टाकतोय आणि कुणीतरी झेलतोय, टाकतोय आणि झेलतोय, खाली ढोलताशा.

"यात सगळे झेललेलेच आहेत," बाई चालता चालता म्हणाल्या. "सुटलेले कुठायत?"

"बाई, हे हायलाइट्स आहेत."

"तू मला लग्नाचा अल्बम दाखवतोयस. संसार कुठाय?"

संदेश हसला. म्हणाला, "म्हणूनच तर तुम्ही या. आपटा गावचा आहे पोरगा. रोशन नाव. आईसुद्धा आपल्याच शाळेतली आहे म्हणे, वनिता."

बाई उभ्या राहिल्या. म्हणजे खरोखर उभ्या राहिल्या, आणि मागून येणारे एक आजोबा त्यांच्यावर आदळता आदळता वाचले. "कधी?" त्यांनी विचारलं. संदेश म्हणाला, रविवारी. "येते," त्या म्हणाल्या आणि इतक्या जोरात चालू लागल्या की त्या दिवशी त्यांनी सात फेऱ्या मारल्या आणि मला एकदाही काही बोलल्या नाहीत.

वनिता दहावीत होती तेव्हाची गोष्ट. याला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली असतील. जिल्ह्याच्या स्पर्धेत मुलींच्या चेंडूफेकीसाठी शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. बाईंनी मैदानावर निवडचाचणी घेतली. टेपचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं माझ्याकडे. निम्म्या मुलींनी सकाळी चेंडू टाकला. मग डब्याची सुट्टी झाली, आणि उरलेल्या मुलींनी दुपारी टाकला. वनिताने सकाळी टाकलेला चेंडू सगळ्यांत लांब होता. दुपारी एका मुलीचा त्याच्यापेक्षा वीतभर पुढे गेला. मी मापलं, बाईंनी लिहिलं.

वनिता पुढे आली आणि म्हणाली, "बाई, वारा फिरलाय. मना परत टाकू द्या."

चाळीस मुली बघत होत्या. बाई उन्हात दिवसभर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळ्या मुली हसल्या. मीसुद्धा हसलो असेन, आता नक्की आठवत नाही, पण हसलो असेन. वनिता हसली नाही. तिने चेंडू खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि ती वर्गात गेली. त्यानंतर ती पीटीच्या तासाला मैदानावर आली नाही. पोटात दुखतंय म्हणायची.

निवडलेल्या मुलीचा चेंडू जिल्ह्याला मध्येच पडला. ती रडत परत आली. त्या दुपारी बाई स्टाफरूममध्ये आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, खारे वारे आणि मतलई वारे तुम्हीच शिकवता ना?" मी हो म्हटलं. "सकाळी वारा कुठून असतो आपल्याकडे?" डोंगराकडून, मी म्हटलं. "आणि दुपारी?" आमच्या मैदानावर मुली खाडीकडे पाठ करून चेंडू टाकत होत्या. दुपारी टाकणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीशी खाडीचा वारा होता, आणि सकाळच्या मुलींनी समोरच्या वाऱ्यात टाकला होता. मी तो धडा त्याच महिन्यात दोन तुकड्यांना शिकवला होता, आकृतीसकट.

"खाडीच्या पोटची मी," बाई म्हणाल्या, "बापाने वारा बघितल्याबिगर कधी पाग उचलला नाय. आनि पोरीने सांगितला तर मी तिला नाचवली."

तेव्हापासून ती चिमूटभर माती. पण वनिताला त्यांनी काही सांगितलं नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागायची नसते, असं त्या काळी आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दहावी झाली आणि वनिताचं लग्न झालं. आपट्याला दिली, एवढं बाईंनी कुठून तरी काढलं होतं. ते नाव त्या गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं पोटात घेऊन चालत होत्या. त्या इतक्या का चालायच्या, याचं एवढं एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही. पण हे एक होतं.

रविवारी आम्ही खारघरला क्लबच्या मैदानावर सातला पोचलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला टॉवर. मी जुन्या सवयीने टेप आणला होता. बाई म्हणाल्या, "ठेवा तो पिशवीत, सर. एकदा भरवसा ठेवलाय त्याच्यावर."

रोशन आधीच आला होता. उंच, लाजरा, बाईंच्याइतकेच लांब हात. आल्या आल्या वाकून पाया पडला. "बाई, आईने नमस्कार सांगलाय. आनि..." तो अडखळला.

"आणि काय?"

"आई बोलली, बाईंना बोल, दोन्ही बाजूंनी बगा."

त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बाईंनी वाकून माती उचलली आणि सोडली. मग पुन्हा एक चिमूट उचलली आणि पुन्हा सोडली.

पोराचं काय पणाला लागलं होतं ते संदेशने मला बाजूला घेऊन सांगितलं. रोशन एका गोदामात कामाला होता, नुकताच कायम झालेला. क्लबमध्ये आला तर रोजचा सराव, बाहेरगावच्या स्पर्धा, म्हणजे नोकरी सोडावी लागणार. सोमवारी सकाळी सुपरवायझरला काय ते सांगायचं होतं. संदेशच्या मनात त्याला घ्यायचंच होतं. बाईंची मान हलली की झालं, एवढंच त्याला हवं होतं. मी ते सगळं बाईंच्या कानावर घातलं.

पहिल्यांदा रोशनने मोकळ्या मैदानात चेंडू टाकले. मला खेळातलं काही कळत नाही, पण माझ्याही तोंडातून "अरे वा" निघालं. चेंडू फिरत फिरत वर जायचा आणि पार पलीकडच्या कुंपणाजवळ पडायचा. संदेश टाळ्या वाजवत होता. बाई शतपावली घालत होत्या.

"आता पळणाऱ्यांना टाक," त्या म्हणाल्या, आणि एक चमत्कारिक गोष्ट केली. रोशनकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"बाई, तो इकडे आहे!" संदेश ओरडला.

"मला ठाऊक आहे तो कुठाय. फेकणाऱ्याकडे काय बघायचं? चेंडू कसा आला ते झेलणाऱ्याचे पाय सांगतात."

मग मीही पाय बघायला लागलो आणि दहा-बारा चेंडूंत मलाही दिसलं. पोरं तीरासारखी सुटायची, आणि चेंडू यायच्या वेळी प्रत्येकाला ब्रेक लागायचा. कुणी थांबायचा, कुणी उलटा वळायचा, कुणी दोन पावलं मागे यायचा. चेंडू हातात यायचा खरा, पण तोवर विरुद्ध बाजूचा मागचा गडी येऊन फीत ओढून मोकळा झालेला असायचा. मोबाइलमध्ये यातलं काही दिसलं नव्हतं, कारण मोबाइलमध्ये मागचा गडीच नव्हता.

बाईंनी रोशनला बोलावलं. "तू चेंडू कधी सोडतोस?"

"तो मोकला दिसला का सोडतंय."

"दिसल्यावर?"

"हां. दिसला नाय तर कोनाला टाकू?"

"तो दिसतो तिथे टाकलास तर चेंडू पोचेपर्यंत तो तिथे असतो का?"

रोशन विचारात पडला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "नसतो."

"मग तो जिथे जाणार तिथे टाक. तो वळायच्या आधी सोड."

त्याने प्रयत्न केला. पण हात मागे गेला की डोळे गड्याला शोधायचे, आणि तेवढ्यात क्षण निघून जायचा. दोघांना त्याच्या अंगावर धावून यायला सांगितल्यावर तर त्याची पावलं एकमेकांत अडकायला लागली. मग बाईंनी सगळ्यांना थांबवलं. अकरा वाजले होते. संदेश म्हणाला, "झालं ना, बाई?" त्या म्हणाल्या, "वारा फिरू दे."

आम्ही दोन-अडीच तास थांबलो. पोरं सावलीला लवंडली, मी वडापाव खाल्ला, बाई मैदानाच्या कडेने चालत राहिल्या. दीडच्या सुमाराला त्यांच्या चिमटीतली माती डोंगराच्या दिशेला गेली. मग त्यांनी रोशनला आधी वाऱ्याला पाठ देऊन टाकायला लावलं आणि नंतर वाऱ्याकडे तोंड करून. पाठीला वारा असताना चेंडू गड्यांच्या डोक्यावरून पार पुढे. समोर वारा असताना तो उंच जायचा, लटकायचा आणि आंब्यासारखा खाली यायचा.

पण एक चेंडू. समोरच्या वाऱ्यात टाकलेला, खालून, ताठ. पोरगा पळत होता आणि चेंडू त्याच्या खांद्यावरून अलगद पुढच्या हातांत उतरला. पावलाला खंड नाही. संदेश वेडा होऊन नाचायला लागला. "हाच! हाच शूट केला मी!" रोशन बाईंकडे बघत होता. हातातून आपण काय सोडलं ते त्यालाही कळलं होतं. बाईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं, आता हो म्हणतात. मनातून मलाही त्यांनी हो म्हणावं असं वाटत होतं. माझंही जुनं ओझं होतं ना ते.

"संध्याकाळपर्यंत कळवते," असं म्हणून बाई चालायला लागल्या. मैदानाबाहेर पडून, रिक्षास्टँड ओलांडून, थेट पनवेलच्या रस्त्याला. "बाई, रिक्षा!" मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. हायवेच्या कडेने, ट्रक अंगावरून जात असताना, बासष्ट वर्षांची बाई पुढे आणि धापा टाकणारा मी मागे, अशी आमची वरात निघाली.

"हो म्हटलं तर काय बिघडतं?" मी शेवटी विचारलं. "एक तरी चेंडू कसा टाकला त्याने!"

"एक टाकला."

"शिकेल की तो."

"शिकेल. सहा महिन्यांत शिकेल. पण संदेशला स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. पोरगा नोकरी सोडणार, तिथे तीन चेंडू चुकवणार, आणि हाच संदेश त्याला बाकावर बसवणार. मग ना नोकरी, ना खेळ."

"पण वनिता काय म्हणेल?"

त्या वळल्या. डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "सर, तिला मी मापात कमी दाखवली. आता तिच्या पोराला मापात जास्ती दाखवू? म्हंजे फिटला? ही कसली भरपाई? माप खोटा तो खोटाच ना?"

कळंबोलीच्या अलीकडे त्या थांबल्या, माझ्या पिशवीतून वही काढली आणि माझी पाठ वळवून तिच्यावर कागद ठेवून लिहिलं. मग मला त्याचा फोटो काढून संदेशला पाठवायला सांगितला. लिहिलं होतं ते असं: 'फेक आहे. पोच नाही. पोच शिकवता येते, वेळ लागेल. सहा महिन्यांनी परत बघावे. तोवर नोकरी सोडायला लावू नये.' खाली पूर्ण सही, हुद्द्यासकट, निवृत्त असा उल्लेख करून.

"पोच आली का?" त्यांनी विचारलं. मी मोबाइल दाखवला. दोन निळ्या खुणा आल्या होत्या. थोड्या वेळाने संदेशचं उत्तर आलं, 'ओके बाई.' दोनच शब्द, पण राग कळत होता. आठवड्याभरात त्याने पुण्याचा कुणीतरी घेतला. माझ्या पायांनी मात्र कळंबोलीला असहकार पुकारला आणि मी रिक्षा केली. बाई चालत गेल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी मला आपट्याला नेलं. "एकटीला जमायचं नाही," एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

वनिता अंगणात तांदूळ पाखडत होती. अंगणवाडीत मदतनीस आहे, घरच्या थोड्या शेताचं बघते. बाईंना बघून उठली, पदर सारखा केला, आत जाऊन पाणी आणलं. बाई बसल्या नाहीत. वनितानेही आग्रह केला नाही. पाण्याचा तांब्या पुढे करून ती शांतपणे म्हणाली, "दोनदा, बाई. एकदा मना आनि एकदा माज्या पोराला."

"रोशनचं मी खरं लिहिलंय."

"आनि माजा?"

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"तुजा मी खोटा लिवला," बाई म्हणाल्या. छापील मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "वारा फिरला होता. तू बरोबर बोलली होतीस. मना दुसऱ्याच आठवड्यात कललं. मी तुला बोलवून सांगायला पायजे होतं, नाय सांगितलं. लाज वाटली. चूक माजी होती, वनिता."

वनिताने सूप उचललं, दोनदा पाखडलं. "मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "तवाच म्हाईत होता. मना फकस्त तुमच्या तोंडून आयकाचा होता." तिने तोंड फिरवलं. बाईही अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागल्या. मी चष्मा पुसला. भूगोलाच्या मास्तराला याहून जास्त काही करता येत नाही.

चहा झाला. निघताना बाई रोशनला म्हणाल्या, "दर रविवारी सकाळी येईन. सहा महिने. वळायच्या आधी सोडायला शिकायचं." रोशनने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "येऊ दे त्यांना. घरी बसून काय करतील, बसता कुठं येतं त्यांना?"

मी मुलीकडे नाशिकला कायमचा जायला निघालो त्याच्या आदल्या रविवारी, शिमग्याच्या सुमाराला, बाईंबरोबर शेवटचा आपट्याला गेलो. पाताळगंगेच्या काठी एक लांबट मोकळी पट्टी आहे. तिथे रोशन टाकत होता आणि बाई स्वतः पळत होत्या. साडीचा काष्टा, पायात कॅनव्हासचे बूट. पळत होत्या म्हणजे आमच्या वयाला जेवढं पळता येतं तेवढं. दर वेळी मागे न बघता. "मी वळायची वाट बघू नको!" त्या पुढे बघूनच ओरडायच्या. तीनांतले दोन चेंडू हातात येत होते.

वनिता पाण्याची कळशी घेऊन आली होती. थोडा वेळ बघत उभी राहिली. मग रोशनला म्हणाली, "आन इकडं."

"आये, तुना जमाचा नाय. चेंडू येगला असतो हा."

"आन बोलते ना."

तिने चेंडू हातात फिरवून बघितला. वाकून चिमूटभर माती उचलली आणि सोडली. माती नदीकडून आमच्याकडे आली. रोशन वाऱ्याला पाठ देऊन उभा होता. वनिता त्याला ओलांडून पलीकडे गेली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. बाई तिच्या समोरून नदीच्या दिशेने केव्हाच पळायला लागल्या होत्या, मागे न बघता.

वनिताचा हात मागे गेला. चेंडू वेडावाकडा फिरत गेला, रोशनसारखा देखणा नाही. पण खालून गेला, ताठ गेला. बाईंनी पळता पळता हात पुढे केले आणि तो त्यांच्या हातात येऊन पडला.

"पोचला!" बाई ओरडल्या. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, धाप लागली होती. "वनिता, पोचला गं!"

वनिताने कपाळावर हात आडवा धरून तिकडे बघितलं. मग दहावीतल्या त्या मुलीच्या आवाजात खणखणीत म्हणाली, "आता मोजा!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. टेप मी घरी ठेवून आलो होतो. मग मी वनिताच्या पायापाशी गेलो, तिथे टाच टेकवली आणि एकेक पाऊल मोठ्याने मोजत निघालो. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे वेळ लागला. मी त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत गावंडबाई त्या जागेवरून तसूभरही हलल्या नाहीत.